रात्री झर्मॅट, सकाळी वर्बिए: पात्रुई दे ग्लासिए शर्यत रात्रीच का धावतात?

[कॅमेऱ्यासमोर, मागे भिंतीवर व्हॅलेचा नकाशा]

नमस्कार मंडळी!

"अहो ताई, पण दिवसा का नाही धावत? दिसतं तरी!" गेल्या व्हिडिओखाली हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की मी मोजणं सोडून दिलं. त्या व्हिडिओत मी या शर्यतीचा फक्त ओझरता उल्लेख केला होता. त्यात २०२६ च्या मिलानो-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंग, म्हणजे स्कीवर डोंगर चढून उतरायचा खेळ, पहिल्यांदाच आलं, आणि लोक म्हणायला लागले की हे तीन मिनिटांचं प्रकरण आहे, यात एवढं काय? तर ऑलिंपिकमधली स्प्रिंट खरंच तीनेक मिनिटांची असते. पण हा खेळ जिथून आला, त्या शर्यतीत माणसं रात्रभर हिमनद्यांवरून चालत असतात. आज तिच्याबद्दल नीट बोलू.

शर्यतीचं नाव पात्रुई दे ग्लासिए. फ्रेंचमध्ये अर्थ होतो हिमनद्यांवरची गस्त. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातल्या झर्मॅट गावातून निघायचं, वाटेत अरोला, आणि शेवट वर्बिएला. तिघांची तुकडी. पायात स्की. आयोजक स्विस सैन्य. दर दोन वर्षांनी, वसंतात. हे सगळं नेटवर कुठेही मिळेल, त्यामुळे मी त्यात अडकत नाही.

आकडे मात्र सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आताची वाट साडेसत्तावन्न किलोमीटरची आहे आणि एकूण चढ जवळजवळ ४४०० मीटरचा. सर्वांत उंच जागा तेत ब्लाँश, ३६५० मीटर. आता हे आपल्या मापात बघा. झर्मॅट गाव १६१६ मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे आपण जिथे घंटा वाजवून फोटो काढतो आणि उतरायला लागतो, साधारण त्या उंचीवर यांची शर्यत सुरू होते! बारी गावातून कळसूबाई म्हणजे अंदाजे नऊशे मीटरचा चढ. तसे पाच चढ, एका रात्रीत. इथे स्वित्झर्लंडमधले लोक दर शंभर मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरतात. त्या हिशेबाने ही शंभर किलोमीटरची वाट होते.

"स्की लावून वर कसं चढतात, घसरत नाहीत का?" हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. स्कीच्या तळाला एक लवदार पट्टी चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा, डोक्याकडून शेपटीकडे सुळकन जातो, उलटा फिरवला की अडतो. पट्टीचंही तसंच. पुढे सरकते, मागे घसरू देत नाही. टाच मोकळी असते, त्यामुळे चालता येतं. माथ्यावर पोचलं की पट्टी ओढून काढायची, टाच अडकवायची आणि खाली घसरत जायचं. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असायची. आता ती मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची, किंवा नायलॉनची असते, पण फ्रेंच बोलणारे अजूनही तिला सीलचं कातडंच म्हणतात.

आता इतिहास.

[नकाशावर बोट: शामोनी ते झर्मॅट]

ही वाट शर्यतीपेक्षा जुनी आहे. १८६१ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश गिर्यारोहकांनी फ्रान्समधल्या शामोनीपासून झर्मॅटपर्यंत असा खिंडी-खिंडींतून जाणारा मार्ग शोधला. पुढे त्याचं फ्रेंच नाव पडलं ओत रूत, म्हणजे उंचावरची वाट. नंतर लोक ती हिवाळ्यात स्कीवर करायला लागले. झर्मॅट ते वर्बिए हा टप्पा साधारण प्रवासी तीन-चार दिवसांत करतात, रात्री डोंगरातल्या झोपड्यांत मुक्काम करत.

मग आलं दुसरं महायुद्ध. स्वित्झर्लंड तटस्थ, पण चहूबाजूंनी वेढलेलं. दक्षिणेला मुसोलिनीचा इटली. मॅटरहॉर्न हा डोंगर आपण चॉकलेटच्या वेष्टनावर बघायचो, पण तो सरहद्दीवर उभा आहे, त्याची एक बाजू इटलीत. या उंच सीमेची राखण दहाव्या माउंटन ब्रिगेडकडे होती. त्या ब्रिगेडमधले दोन कॅप्टन, रोदोल्फ तिसिएर आणि रोजे बोन्व्हँ, यांनी एक प्रश्न मांडला: जी वाट चार दिवसांची म्हणतात, ती आपले जवान एका दमात करू शकतील का? सीमेवर काही झालं तर एका खोऱ्यातून दुसऱ्यात माणसं किती वेळात पोचतील?

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शर्यत म्हणून कुणी हे सुरू केलंच नव्हतं, ती तयारीची परीक्षा होती. म्हणून नावात 'गस्त' हा शब्द आहे, आणि म्हणूनच तिघांची तुकडी आहे. गस्तीवर कुणी एकटं जात नाही.

पहिली शर्यत एप्रिल १९४३ मध्ये झाली. तेव्हा वाट ६३ किलोमीटरची होती. १८ तुकड्या निघाल्या, आणि ठरल्याप्रमाणे वर्बिएला पोचल्या त्या फारच थोड्या. पहिल्या आलेल्यांनाही बारा तासांच्या वर लागले. विचार करा, लाकडी स्की, चामड्याचे बूट, लोकरीचे कपडे, तागाचा दोर! पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, दुसरी शर्यत झाली आणि तुकड्यांची संख्या दुपटीच्या वर गेली.

या दोन कॅप्टनांचं पुढे काय झालं तेही सांगते. बोन्व्हँ राजकारणात गेले, देशाच्या सात जणांच्या सर्वोच्च मंडळावर निवडून आले आणि दोनदा, १९६७ आणि १९७३ साली, स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिसिएर वर्बिएच्या रोपवे कंपनीचे संस्थापक झाले. आज वर्बिए जे स्कीचं मोठं ठिकाण आहे, त्यामागे हा माणूस आहे.

[थोडं थांबून]

१९४९. तिसरी शर्यत, युद्ध संपलेलं. तेत ब्लाँशवरून उतरताना माँ मिने नावाच्या हिमनदीवर एक तुकडी क्रेव्हासमध्ये पडली. क्रेव्हास म्हणजे हिमनदीतली खोल भेग. तिघंही गेले. मृतदेह सापडायला आठ दिवस लागले.

मागे एका व्हिडिओत मी हा प्रसंग दोन वाक्यांत सांगितला, तेव्हा खाली कुणीतरी लिहिलं, "इथे जरा थरारक म्युझिक टाकायला हवं होतं." नाही टाकणार. ती व्हॅलेतलीच माणसं होती. या खोऱ्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. डोंगरावर आठ दिवस शोध चालू असताना खाली गावात घरचे लोक वाट बघत होते, त्याला पार्श्वसंगीत लावायचं नसतं.

लोकांमध्ये संताप उसळला आणि लष्करी खात्याने शर्यतीवर बंदी घातली. एका वर्षाची नाही, दोन वर्षांची नाही. पस्तीस वर्षं ही शर्यत झाली नाही.

मग ती परत आली कशी? त्या पस्तीस वर्षांत डोंगरातली बचावव्यवस्थाच बदलली. १९५० च्या दशकात याच व्हॅलेतले, सियों शहरातले वैमानिक हेर्मान गायगर छोटं विमान थेट हिमनदीवर उतरवायला लागले. नंतर हेलिकॉप्टर आली. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारे छोटे ट्रान्समीटर आले, जे आता प्रत्येक स्पर्धकाच्या छातीला बांधलेले असतात. हिमस्खलनाचा रोजचा अंदाज मिळायला लागला. आणि दहाव्या माउंटन डिव्हिजनमधल्या अधिकाऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९८४ साली शर्यत पुन्हा झाली, या वेळी नागरिकांनाही घेऊन. जवळजवळ दोनशे तुकड्या आल्या. आता हजारो जण नाव नोंदवतात आणि ज्यांना पूर्ण वाट झेपणार नाही त्यांच्यासाठी अरोला ते वर्बिए अशी छोटी शर्यतही असते.

हं. आता मुख्य मुद्दा. रात्र.

काही चॅनलवर सांगतात की रात्रीचा थरार हवा म्हणून ही शर्यत रात्री ठेवलीय. हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण हे ऐकून कुणीतरी उद्या दुपारी आरामात हिमनदीवर जाईल. थरारासाठी नाही हो! रात्री बर्फ घट्ट असतो म्हणून.

नीट समजून घ्या. एप्रिलमधलं ऊन कडक असतं. दिवसा वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली मुरतं, थर सैल होतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर तेच पाणी गोठतं आणि वर टणक कवच तयार होतं. त्या कवचावर स्की रेल्वेच्या रुळावर असल्यासारखी चालते. सकाळी ऊन आलं की कवच मऊ व्हायला लागतं. दुपारपर्यंत तोच उतार ओला, जड, आणि कधी सुटून खाली येईल याचा भरवसा नसलेला. शिवाय क्रेव्हासवर बर्फाचे पूल असतात. वरून सपाट मैदान दिसतं, खाली पोकळी. गोठलेला पूल माणसाला पेलतो, उन्हाने मऊ झालेला पूल पेलेलच असं नाही.

"आम्ही पण उन्हाळ्यात रात्रीच ट्रेक करतो, कात्रज-सिंहगड रात्रीच करतो, तसंच ना?" असं एका दादांनी लिहिलंय. दादा, मीपण के-टू-एस केलाय, साताऱ्याहून मुद्दाम येऊन, चार वेळा. पण ते तसं नाही. आपण रात्री निघतो ते आपल्याला ऊन लागू नये म्हणून. इथे रात्री निघतात ते बर्फाला ऊन लागायच्या आत पलीकडे जायला. आपल्याकडे उशीर झाला तर घाम येतो, पाणी संपतं, घरी गेल्यावर डोकं दुखतं. इथे उशीर झाला तर पायाखालची जमीनच बदलते.

माझ्यावर हे बेतलंय म्हणून इतकं सांगतेय. लोझान या स्विस शहरात राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी काही मैत्रिणींबरोबर एप्रिलमध्ये एका खिंडीत गेले होते. शर्यत नाही, साधी स्की टूर. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं. कुणाचा हेडलँप सापडेना, कुणाची बाटली भरायची राहिली, आम्ही पाच वाजता निघालो. एक तास. वर छान पोचलो, फोटो काढले, खाल्लं. उतरायला लागलो तेव्हा अकरा वाजत आले होते. सकाळी ज्या उतारावर स्कीच्या कडा टोचत नव्हत्या, तिथे मी मांडीपर्यंत आत गेले. पाय काढावा तर दुसरा आत. आणि शेजारच्या उतारावरून, आमच्यापासून असेल दीडेकशे मीटरवर, एक पट्टा सुटला. आवाज मोठा नव्हता. ओली वाळू ट्रकमधून ओतावी तसा. आम्ही पाचही जणी तिथेच गप्प उभ्या राहिलो. सकाळी तो एक तास आम्हाला काहीच वाटला नव्हता.

म्हणून तिसऱ्यांदा सांगते, वेगळ्या बाजूने. या शर्यतीचं वेळापत्रक बघा म्हणजे तुम्हालाच कळेल. सगळे एकदम सुटत नाहीत. रात्री दहापासून पहाटे तीनपर्यंत टप्प्याटप्प्याने सोडतात. आणि आधी कोण? सगळ्यांत हळू तुकड्या! सगळ्यांत वेगवान तुकड्या शेवटी. मॅरेथॉनमध्ये बरोबर उलटं असतं, एलिट पुढे आणि आपण मागे. इथे सुटायची वेळ महत्त्वाचीच नाही. महत्त्वाचं आहे ते ऊन चढल्यावर कोण कुठे असेल. धोक्याच्या उतारांवरून प्रत्येक जण वेळेत पार व्हायला हवा, म्हणून ज्याला जास्त वेळ लागतो त्याला आधी सोडतात. वाटेत ठरावीक ठिकाणी वेळेची मर्यादा असते. अरोलाला उशिरा पोचलात तर तिथेच थांबवतात, तुम्ही कितीही ताजेतवाने असलात तरी.

अमेरिकेतही हेच आहे. कोलोरॅडोमध्ये क्रेस्टेड ब्यूट ते ॲस्पेन अशी दोघा-दोघांची शर्यत १९९८ पासून होते, ग्रँड ट्रॅव्हर्स नावाची. चांदीच्या खाणींच्या काळात त्या डोंगरांतून स्कीवर टपाल नेणारी माणसं होती, त्यांची आठवण त्या शर्यतीमागे आहे. ती बरोबर मध्यरात्री सुटते, कारण तेच. आणि मधल्या खिंडीतला बर्फ धोक्याचा वाटला तर स्पर्धकांना पलीकडे न पाठवता अर्ध्या वाटेवरून क्रेस्टेड ब्यूटलाच परत आणतात. दोन खंड, दोन वेगळे इतिहास, आणि घड्याळ एकच.

[पाणी पिऊन]

वाट थोडक्यात सांगते, पण एका जागी थांबणार आहे. झर्मॅटमधून बरेच जण साध्या धावायच्या बुटांत निघतात, कारण गावात तेव्हा बर्फ नसतो. स्की पाठीवर. वर बर्फ लागला की बूट बदलायचे. मग हिमनदीवर पोचल्यावर दोर बांधायचा आणि तेत ब्लाँशपर्यंत चढत राहायचं.

आणि तिथून खाली उतरायचं ते दोर बांधूनच. यावर थांबते. तुम्ही कधी स्की केली असेल तर कल्पना करा, नसेल तर तीन सायकली एकाच दोरीने बांधून कात्रजचा जुना घाट रात्री उतरायचाय असं समजा. पुढचा वळला की मधल्याने वळायचं, मधला वळला की मागच्याने. दोर सैल पडला तर स्कीखाली अडकतो. फार ताणला तर मधला आडवा होतो. अंधारात, थंडीत, ३६०० मीटरवर, दोन हजार मीटर चढून आल्यानंतर. मी एका क्लबच्या शिबिरात हे दिवसाउजेडी सोप्या उतारावर शिकले, आणि पहिल्या दिवशी आम्ही तिघं मिळून पन्नास मीटर न पडता गेलो नाही. बाजूला जुने गाइड उभे होते. ते एकच गोष्ट सांगत होते: बोलत राहा. वळतेय, थांबतेय, दोर दे. गप्प तुकडी पडते.

"एक पडला तर तिघंही जाणार, मग दोर कशाला?" हा प्रश्नही आलाय, आणि चांगला आहे. दोर पुरेसा ताणलेला असेल आणि अंतर बरोबर असेल तर एकाचं वजन बाकी दोघं पेलतात. सैल दोर असेल तर पडणारा वेग घेतो आणि मग दोघांना ओढून नेतो. म्हणून सगळी शिकवण 'दोर बांधा' एवढ्यावर संपत नाही, 'दोर सैल सोडू नका' इथे येते. १९४९ साली ते तिघं गेले ते याच उतारावर. आज तिथे खुणा लावलेल्या असतात, सैन्याची माणसं रात्रभर उभी असतात. तरीही दोर बांधावाच लागतो.

शर्यतीचे दिवस सोडून एरवी तो भाग निर्मनुष्य असतो. मार्च २०२४ मध्ये झर्मॅटहून अरोलाला निघालेला सहा जणांचा गट तेत ब्लाँशजवळ वादळात सापडला होता. ती बातमी इथे लागली तेव्हा माझ्या क्लबच्या ग्रुपवर दोन दिवस कुणी दुसरं काही लिहिलं नाही.

पुढे बर्तोलची खिंड, तिथून तेराशे मीटर खाली अरोला. मग रीडमॅटनची खिंड, खाली दिसचा तलाव. त्याच्या टोकाला ग्राँद दिक्सांस धरण आहे, २८५ मीटर उंच, वजनाच्या जोरावर उभ्या असलेल्या धरणांमध्ये जगात सर्वांत उंच. (आपल्या कोयनेची उंची १०३ मीटर आहे, म्हणजे अंदाज येईल.) आणि तलावानंतर रोझाब्लाँश नावाचा डोंगर.

रोझाब्लाँशला मी स्वतः बघायला गेले होते. शेकडो लोक रात्रीच स्कीवर चढून येतात, गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन. शेवटचा चढ इतका उभा आहे की स्पर्धक स्की पाठीला बांधतात आणि बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवरून चालत येतात. मी अंधारात तिथे पोचले तेव्हा खाली दिव्यांची रांग हलताना दिसत होती. उजाडलं तसे दिवे एकेक करून विझले आणि त्यांच्या जागी माणसं दिसायला लागली. एका तुकडीतली मधली बाई अगदी थकली होती. पुढच्याने कमरेला रबरी दोरी बांधून तिला ओढलं होतं, आणि मागचा तिच्याशी सारखा बोलत होता. घंटा वाजत होत्या, लोक ओरडत होते, आणि मी मराठीत ओरडत होते, "चल, चल, आलंच!" तिला भाषा कळली नसेल. तिने मान हलवली मात्र.

२०१८ मध्ये इटलीच्या तिघांनी ही सगळी वाट ५ तास ३५ मिनिटांत केली. १९४३ च्या बारा तासांशी तुलना करून "माणूस किती पुढे गेला" असं लिहितात. मला ती तुलना पटत नाही. तेव्हा वाट लांब होती, सामान जड होतं, आणि पुढे कुणी पायऱ्या कोरून ठेवलेल्या नव्हत्या.

शेवट वर्बिएमध्ये. बर्फ गावाच्या वरच संपतो. तिथे स्की काढायची, हातात घ्यायची, आणि स्कीचे कडक बूट घालून डांबरी रस्त्यावरून गावातून पळत जायचं. टक टक टक टक असा आवाज येतो. बेकरीतून लोक बाहेर येतात, हातात पाव, पोरं टाळ्या देतात. रात्री दहाला झर्मॅटहून निघालेल्या तुकड्याही तिथेच येतात, ऊन चांगलं वर आल्यावर, आणि तिघांनी एकत्रच रेषा ओलांडायची असते. म्हणून शेवटच्या वळणावर पुढचे दोघं थांबतात, मागचा येईपर्यंत.

दोर बांधण्याची गाठ दाखवा असं खूप जणांनी लिहिलंय. पुढच्या वेळी दोर घेऊनच बसते.